कायद्याएवढं

वाळूजच्या एका कारखान्यात आम्ही बायका गाड्यांची वायरिंग बांधतो. मी लागले तेव्हा शेजारच्या टेबलावर खुलताबादहून येणाऱ्या एक ताई होत्या, कारखाना उघडला तेव्हापासूनच्या. त्यांचा पगार माझ्यापेक्षा बराच जास्त होता आणि तो तसा असणारच, असं मला वाटायचं.

सरकारनं किमान वेतन वाढवलं की आमचा पगार तेवढा वाढायचा. ताईंचा आधीच त्याच्या वर, म्हणून तो जागच्या जागी. असं होत होत एका दिवाळीच्या आधी कालच्या पोरी, मी आणि ताई, सगळ्यांचा पगार सारखा झाला.

ताई मला घेऊन मॅनेजरसाहेबांकडं गेल्या.

"साहेब, इतकी वर्षं घातली, त्याचं काहीच नाय का?"

साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला. "ताई, कायद्यानं द्यायचं तेवढं देतोय. त्यात काही कमी असेल तर सांगा."

"कमी नाय. पण वाढवतो म्हणून तुम्हीच म्हणले होते ना?"

"म्हणलो असेन. लिहून दिलंय का?"

एक खाडा करून आम्ही कामगार कार्यालयात गेलो. तिथले अधिकारी म्हणाले, "किमान वेतनापेक्षा कमी दिलं तर मी मालकाला बोलावतो. त्यावरची वाढ मालकाची मर्जी, नाहीतर करार. युनियन आहे का तुमची?"

नव्हती. ताईंनी जेवणाच्या सुट्टीत बायकांपुढं विषय काढला. सगळ्या व्हय व्हय म्हणाल्या. त्याच आठवड्यात ताईंची बदली पॅकिंगला झाली. तिथं दिवसभर उभं राहायचं, आणि ताईंच्या गुडघ्यांचं दुखणं सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. नंतर युनियनचं नाव कुणी काढलं नाही.

संक्रांतीनंतर ताईंनी राजीनामा दिला. बसथांब्यावर मी विचारलं, "ताई, भांडायचं नाही का?"

"कुणासंगं? सगळे लई गोड बोलतात गं," त्या म्हणाल्या आणि बसमध्ये चढल्या.

मी अजून तिथंच आहे. यंदा किमान वेतन वाढलं तेव्हा साहेबांनी स्वतः टेबलाटेबलावर फिरून पेढे वाटले, जणू वाढ त्यांच्याच खिशातून आली होती. मी पेढा घेतला नाही.

साहेबांनी काळजीनं विचारलं, "का, शुगर आहे का तुम्हाला?"