आधी तुम्ही जा

इस्रायलला आल्याला मला उभा जन्म झाला, पण काल दवाखान्यात जे पाहिलं ते मनातून जाईना. अलिबागहून नुकतीच लेकाकडे कायमची राहायला आलेली एक म्हातारी बाकावर बसली होती. धाप लागलेली, तरी येईल त्याला हातानं खुणावून पुढे सोडत होती.

मी म्हटलं, "मावशी, तुमचा नंबर केव्हाच आला की!"

"जाऊ दे गं बाय. ही माणसं इथला कर भरतात. मी काय भरलंय? सगळे झाले की दाखवीन."

पगार हाती येण्याआधीच कापल्या जाणाऱ्या त्या आरोग्याच्या करावर मीही जन्मभर कुरकुरले. पण मी इथं उतरले ती सातव्या महिन्यात. एक छदाम भरला नव्हता, तरी माझी लेक इथंच सुखरूप जन्मली. कुणाकुणाच्या पगारातून, ते आजवर कळलेलं नाही.

"मावशी, माझ्या पगारातून जे गेलं ते तुमच्यासाठीच म्हणा."

"तू माझी कोण गं?"

"कोणी नाही. उठा आता."

ती उठली. डॉक्टरच्या दाराशी चपला काढल्या, पदर सावरला आणि अनवाणी आत गेली. मी वाकून त्या चपला सरळ करून ठेवल्या.