काकांनी काडतूस निवडलं नाही

"मला काय कळतंय त्यातलं? तुम्हीच सांगा." एवढं म्हणून काका चष्मा काढायचे आणि टायच्या टोकाने काचा पुसत बसायचे. त्यांच्या तोंडून हे वाक्य आलं की समजावं, निर्णय झालेला आहे. आता तो आपल्याकडून वदवून घेणं तेवढं बाकी आहे.

त्यांचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण शारजातल्या आमच्या कंत्राटदार कंपनीत ते कुणी वापरत नव्हतं. आम्ही दोन-चार मराठी माणसं काका म्हणायचो, म्हणून केरळचा स्टोअरकीपर काका म्हणायचा, पेशावरचा खान ड्रायव्हर काकाजी म्हणायचा. आणि कंपनीचे मालक, आमचे अरबाब, वयाने काकांपेक्षा चांगलेच मोठे असूनही त्यांना काकाच म्हणायचे. काका मिरजेचे. काकू आणि मुलगा तिकडे, हे इकडे दुबईत, करामाला चार बॅचलरांबरोबर फ्लॅटमध्ये. हुद्दा ऑफिस मॅनेजरचा, पण खरं काम एकच. कुणालाही 'नाही' न म्हणता त्याला आडवाटेवरून परत आणणं.

माझंच उदाहरण घ्या. मी शारजातच अल नहदाला बिऱ्हाड थाटलं होतं आणि एक अवाढव्य जुनी जीप घ्यायचं पक्कं केलं होतं. काकांनी जीपभोवती एक चक्कर मारली, दार उघडून पाहिलं, तोंडभर कौतुक केलं. मग म्हणाले, "झकास! सूनबाईंना चढायला स्टूल आत ठेवणार की टपावर? मला काय कळतंय, तूच सांग." मी जीप घेतली नाही. वर्षभर मात्र सगळ्यांना ऐकवत होतो, की ती बिनकामाची आहे हे मी एका नजरेत ओळखलं.

असा हा माणूस एक दिवस बंदुकीच्या प्रकरणात सापडला.

त्याचं असं झालं. अरबाबांचे तिन्ही मुलगे दरवर्षी आफ्रिकेत शिकारीला जायचे. त्या वर्षी अरबाबांनी जाहीर केलं, की आपणही येणार. तरुणपणी वाळवंटात ससाणे घेऊन हिंडलेला माणूस तो. सत्तरी ओलांडली होती आणि ही आपली शेवटची शिकार, हे त्यांना ठाऊक होतं. त्यासाठी ऑस्ट्रियातल्या एका कारागिराकडून खास रायफल करून घ्यायची ठरली, शिंप्याकडून कोट शिवून घेतात तशी, मापाने. इंग्रजी पत्रव्यवहार काकांकडे, म्हणून रायफलही काकांकडे आली.

आता काकांनी आयुष्यात झुरळसुद्धा मारलेलं नव्हतं. पुठ्ठ्यावर घेऊन ते बाल्कनीतून सोडायचे. यावर फ्लॅटमधले बाकीचे फार चिडायचे, कारण ते झुरळ खालच्या हॉटेलात जेवून रात्रीपर्यंत वर परत यायचं.

कारागिराचा पहिलाच फॅक्स आला, की लाकूड, दुर्बीण, नक्षी सगळं मागाहून बघू, आधी काडतूस कोणतं ते ठरवा. नळीचं मागचं घर त्या काडतुसाच्या मापाने कोरावं लागतं. एकदा कोरलं की बदल नाही. काकांनी तो फॅक्स दोनदा वाचला आणि म्हणाले, "बघ, हा गोरा शहाणा आहे. आपल्याकडे लोक आधी मांडव घालतात आणि मग मुलगी शोधतात."

थोरल्या मुलाने नमुन्याची तीन काडतुसं आणून दिली, आत दारू नसलेली. एक अंगठ्याएवढं जाड, एक मधलं आणि एक सडपातळ, जुन्या घडणीचं, सात मिलिमीटरचं. काकांनी ती रुमालात धरून पेनांच्या स्टँडशेजारी उभी केली. त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात कामं कमी आणि शिकारी जास्त झाले. सिमेंटच्या गोण्या मोजणारा स्टोअरकीपर हत्तीच्या कवटीबद्दल बोलू लागला. खोर फक्कानच्या गोदामाचं टेंडर राहिलं बाजूला, आणि आमचा इस्टिमेटर कागदावर गोळीचा मार्ग काढून दाखवू लागला. एकजात सगळ्यांचं मत जाड काडतुसाला. अरबाबांना शोभेल असं तेच.

काका सगळ्यांचं ऐकून घ्यायचे. स्थळं बघणाऱ्या बापासारखे प्रत्येक काडतुसाच्या गुणांपेक्षा दोषच जास्त विचारायचे. बंदुका पाहत वाढलेल्या खानला त्यांनी विचारलं, "खान, ये बडावाला चलाया तो धक्का किधर लगता है?" खानने उत्तरादाखल काकांच्या उजव्या खांद्यावर अशी थाप मारली, की हातातला चहा टायवर सांडला. काका टाय न पुसता नुसते मान हलवत राहिले.

कारण अडचण खांद्याचीच होती. आदल्या वर्षी अरबाबांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. ही गोष्ट सगळ्या कंपनीला माहीत होती आणि ती कुणालाच माहीत नाही, असं वागायची आम्हाला सक्त सवय होती. अरबाब कॉफीचा कप डाव्या हाताने घ्यायला लागले होते. मोठ्या काडतुसाच्या धक्क्याने तो खांदा पुन्हा निखळला असता. थोरला मुलगा म्हणायचा, बाबांना छोटी बंदूक दिली तर लोक हसतील. मधला म्हणायचा, बाबांनी जाऊच नये, मी डॉक्टरलाच सांगायला लावतो. एकाच्या मायेने खांदा जाणार होता, दुसऱ्याच्या मायेने शिकार. आणि 'अरबाब, तुम्ही आता थकलात' हे त्यांना तोंडावर सांगेल असा माणूस अमिरातीत जन्मायचा होता.

फॅक्सची फाइल धरायला म्हणून काका मला अरबाबांच्या घरी मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या दिवाणखान्यात, घेऊन गेले. बैठकीवर अरबाब, शेजारी मुलगे. काकांनी तिन्ही काडतुसं पुढ्यात मांडली. जाडाची स्तुती केली, मधल्याची केली. सडपातळ काडतूस मात्र उचललं आणि चुकून आल्यासारखं खिशात टाकायला लागले.

"वो क्या है?" अरबाबांनी विचारलं.

"ये रहने दो, अरबाब. पुराने लोगों का है."

"दिखाओ."

"कारीगर लिखता है, पहले इससे हाथी भी मारते थे. लेकिन इसमें निशाना एकदम पक्का मंगता. बडे में थोडा इधर-उधर चलता है." काकांनी चष्मा काढला. "आजकल ऐसा निशाना किसका है? मेरेको क्या मालूम, आप ही बोलो."

थोरला मुलगा पुढे सरसावला, "बाबा, बडावाला ही..."

अरबाबांनी हात वर करून त्याला थांबवलं. ते बारीक काडतूस त्यांनी डाव्या हाताच्या बोटांत धरून उजेडात फिरवून पाहिलं. "मैं इधर-उधर मारता है?" त्यांनी मुलाला विचारलं.

"यही लिखो. खलास."

इथे कुणीही शहाणा माणूस फाइल उचलून निघाला असता. काका हटले नाहीत. काळजीने म्हणाले, "अरबाब, एक बार सोच लो. ये बहुत मुश्किल है." अरबाब असे भडकले, की त्याच संध्याकाळी फॅक्स गेला.

परतताना गाडीत मी फॅक्स चाळला. त्यात हत्ती होते, पण पक्क्या नेमाबद्दल एक अक्षर नव्हतं. खान पुढून म्हणाला, "काकाजी, निशाना तो बडे में भी पक्का ही मंगता." काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अच्छा? मेरेको किसीने बताया नहीं."

अरबाब आफ्रिकेला गेले. कुडू नावाचं मोठं, पिळदार शिंगांचं हरीण त्यांनी एका गोळीत पाडलं. थोरल्याने हौसेने जाड काडतुसाची बंदूक नेली होती. तिने असा झटका दिला, की दुर्बिणीची कड लागून त्याची भुवई फुटली. परत आल्यावर अरबाबांनी ती कथा ऑफिसात येऊन प्रत्येक टेबलाशी सांगितली, आणि काकांना तर दर आठवड्याला. काका दर वेळी आ वासून ऐकायचे. "एक गोली में? मेरेको तो लगा था नहीं होगा!" अरबाबांचा चेहरा असा फुलायचा, की मला दोघांचाही हेवा वाटायचा. अशी लबाडी करायला माणसावर जीव असावा लागतो.

पुढे काका निवृत्त होऊन मिरजेला गेले. अधूनमधून फोन यायचा. मग एका उन्हाळ्यात त्यांच्या मुलाचा आला. काका झोपेतच गेले होते.

मी फोन ठेवला. मग उठून अरबाबांकडे गेलो, कारण हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. ते तोवर पुष्कळ वाकले होते. ऐकून त्यांनी कॉफीचा कप बाजूला ठेवला. मग म्हणाले, "टिकट निकालो. मैं उसके घर जाके बैठेगा."

मुलगे घाबरले. विमानाने मुंबई आणि तिथून पुढे रात्रभर गाडी, त्यात त्यांचं हृदय नाजूक झालेलं. थोरल्याने मला बाहेर गाठलं. "तुम उनका आदमी है. काका के माफिक बात करो. बाबा को रोको."

मी आत गेलो. शब्द जुळवून पाहिले. "अरबाब, जाना तो चाहिए," मी म्हणालो, "लेकिन उधर अभी बहुत गर्मी है. कोई जवान आदमी भी नहीं जाता. आप जैसा..."

अरबाबांनी मान वर केली. माझ्याकडे बघता बघता त्यांना हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"तुमको नहीं आता," ते म्हणाले. "काका होता, तो मैं अभी घर में बैठा होता. और बोलता, मेरा मर्जी है."

मी चाचरत विचारलं, "आपको मालूम था? वो गोली का?"

"कंधा तो मेरा था," अरबाब म्हणाले. "मेरा बच्चा लोग बोलता था, बाबा बूढा हो गया. एक वो नहीं बोला. दो महीना फॅक्स किया, तीन-तीन गोली लाया, झूठ बोला, लेकिन नहीं बोला. ऐसा आदमी को मैं ना कैसे बोलेगा?"

त्यांनी डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसले आणि दाराकडे बोट दाखवलं. "यल्ला, चलो. टिकट."

मी दोन तिकिटं काढली. मिरजेत ऊन रणरणत होतं, रस्ता खराब होता, आणि अरबाबांना अडवू शकेल असं जगात आता कुणी राहिलं नव्हतं.