प्रेसवर खोटा आळ

गोपीनाथ मुळीकचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. जयपूरच्या झोटवाड्यात त्याच्या गल्लीत पाणी तेव्हाच यायचं. बादल्या भरून, डबा घेऊन तो निघे, तेव्हा शेजारच्या खोलीत शुभंकर कॉम्प्युटरवरच्या खेळात ओरडत असे, "मार! मार उसको!" बापाचा दिवस उगवायचा तेव्हा पोराचा मावळायचा.

गोपीनाथ कराडकडचा. मालकानं कारखाना जयपूरला हलवला, त्याच्यामागं बायकापोरासह आला. काम पॉवर प्रेसवर, पत्र्याची झाकणं कापायचं. त्याच्या ओळीतल्या प्रत्येकाचं एखादं तरी बोट प्रेसनं खाल्लं होतं. गोपीनाथचे हात शाबूत होते. नशिबानं नव्हे. मेन स्विच बंद केल्याशिवाय तो साच्यात हात घालत नसे, आणि मेन बंद केल्यावरही फिरत राहिलेलं जड चाक थांबेपर्यंत उभा राही.

जयपूरला आले तेव्हा शुभंकर शाळकरी होता. हिंदी अडखळायची, पोरं चिडवायची. पुढं कॉलेज सुटलं, मोबाईलच्या दुकानातली नोकरी सुटली. खेळात मात्र त्याची टोळी होती, आणि टोळी त्याला 'उस्ताद' म्हणायची. एवढ्या मानानं त्याला बाहेर कुणी हाक मारली नव्हती. बाप कायम ओव्हरटाइमवर. त्या ओव्हरटाइमनंच कॉम्प्युटर आला होता.

त्याच्या रागात आधी कीबोर्ड फुटला. मग दाराची फळी. वाय-फाय बंद केलं त्या दिवशी त्यानं आईला ढकललं. सुधाचं कपाळ चौकटीवर आपटून फुटलं.

"कारट्या, आई आहे तुझी!" गोपीनाथनं त्याची गचांडी धरली.

"मतलब काय पप्पा? तुम्ही पत्रा मारता दिवसभर, मी इथं मारतो. इथं मला लोक ओळखतात. तुम्हाला कोण ओळखतं?"

त्या रविवारी दुपारी शुभंकरच्या टोळीची अंतिम फेरी होती. दोन दिवस तो जेवला नव्हता. सुधानं ताट आत नेलं, त्यानं ते भिंतीवर फेकलं. गरम आमटी तिच्या हातावर सांडली. तिची किंकाळी ऐकून गोपीनाथ उठला आणि त्यानं घराचा मेन पाडला.

पंखा थांबला, वाय-फाय गेलं, खेळ गोठला. टेबलाखालच्या बॅटरीवर पडदा तेवढा जळत राहिला. गोपीनाथ सरळ आत गेला आणि टेबलावरून हात घालून मागची वायर ओढू लागला. कारखान्यात त्यानं अशी घाई कधी केली नव्हती. मेन बंद झाला होता. पोरगं अजून फिरत होतं.

शुभंकरनं कोपऱ्यातलं डंबेल उचललं आणि बापाच्या हातावर घातलं. पुन्हा घातलं. हाडं मोडल्याचा आवाज सुधानं दारातून ऐकला. तिनं धावत येऊन त्याला केसाला धरून मागं ओढलं. तो तिला चावला. मग टेबलावर रक्त पसरलेलं त्याला दिसलं. डंबेल सुटलं आणि तो खाली बसला.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, दोन बोटं काढावी लागतील. मग विचारलं, "कैसे हुआ?"

सुधा कानाशी लागली, "अहो, सांगा ना, हात प्रेसमध्ये गेला. नाहीतर पोलीस नेतील त्याला. तुमच्या पाया पडते."

"प्रेसवर खोटा आळ घालणार नाही."

"आणि पोरावर?"

"त्याच्यावरचा खरा आहे." तो डॉक्टरांकडे वळला. "बेटे ने मारा."

हवालदार आला. गोपीनाथनं त्याला अट घातली: पोरगा उपचाराला गेला तर तक्रार नाही, नाही गेला तर आजच लिहून घ्या. डॉक्टरांनी व्यसनाच्या वॉर्डाचा पत्ता दिला. हवालदार घरी न्यायला गेला, तेव्हा शुभंकरनं जिन्यात त्यालाच ठोसा मारला. हवालदारानं त्याला दोन ठेवून दिल्या आणि गाडीत कोंबून वॉर्डात पोचवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुधा नवऱ्याला म्हणाली, "पाठवलंत खरं. भरणार कशातनं?"

मोडक्या हाताला प्रेसवर जागा नव्हती. गोपीनाथनं राजीनामा दिला आणि फंड काढला. कराडला दोन खोल्या बांधायच्या म्हणून तो राखला होता. तो सगळा गेला शुभंकरच्या वॉर्डातल्या खाटेला, औषधांना, आणि पहिल्याच आठवड्यात त्यानं डोकं आपटून फोडलेल्या खिडकीच्या काचेला.