कोटातला फोटो चालत नाही

ओमानमध्ये सोहारला नोकरीला असतानाची गोष्ट. शुक्रवारची सुट्टी होती. मस्कतच्या रस्त्यावर गाडीत एक सीडी लावली आणि दचकलोच... वाटलं, दादा गातायत!

दादा म्हणजे माझे वडील. जालन्यात सरकारी ऑफिसात क्लार्क, आणि जयंतीच्या दिवसांत वस्तीवस्तीत जलशात गाणारे. सीडीवर मात्र अमेरिकेतल्या कापसाच्या मुलखातला एक काळा म्हातारा ब्लूज गात होता. एक गिटार, पायाचा ठेका, आणि तसाच फाटलेला, हट्टी आवाज.

सीडी मला प्लांटवरच्या एका अमेरिकन सुपरवायझरने नोकरी सोडून जाताना दिलेली. ती काढणारी कंपनी अगदी छोटी, दोन-तीन माणसांची. कव्हरवर तो म्हातारा मोडक्या पत्र्याच्या शेडसमोर अनवाणी बसलेला, हातात बाटली. खाली इंग्रजीत लिहिलं होतं... न धुतलेलं, न शिकवलेलं, कच्चं संगीत.

मला राहवेना. दादांची एकच कॅसेट होती, जालन्याच्या एका कॅसेटवाल्याने जलशात रेकॉर्ड केलेली. ती सीडीवर उतरवली आणि दिली पाठवून अमेरिकेला, त्या कंपनीच्या पत्त्यावर. मग रोज ऑफिसात पोचलो की आधी ईमेल उघडायचो. कामात लक्ष लागत नव्हतं...

आणि उत्तर आलं! मालकाने स्वतः लिहिलं होतं, इतका रॉ आवाज कित्येक वर्षांत ऐकला नाही, रेकॉर्ड काढू या. मी कॉरिडॉरमध्ये नुसत्या येरझाऱ्या घालत होतो. आमच्या ओमानी अर्बाबने, म्हणजे साहेबाने, काळजीने विचारलं, "कुल्लू तमाम? घर पे सब ठीक?"

पुढच्या ईमेलमध्ये कंपनीच्या मालकाने दादांचे फोटो मागितले. जुने कपडे हवेत, पायात काही नको, मागे झोपडी असली तर उत्तम. शिवाय, ते दारू पितात का? तुरुंगात गेले होते का? लोक आधी गोष्ट विकत घेतात, मग गाणं, असं त्याचं म्हणणं.

आता काय सांगू त्याला? दादा दारूला कधी शिवले नाहीत. गायला उभे राहायचे ते भर एप्रिलच्या उन्हातही कोट घालून, बूट पॉलिश करून. माझ्या आजोबांना गावातून जाताना चपला काढून हातात घ्याव्या लागायच्या... त्यांचा मुलगा होते ते.

किती दिवस नुसतं मनात घोळवत राहिलो. एकदा वाटायचं, एका फोटोने काय बिघडतं? जगभर ऐकतील लोक. दुसऱ्याच क्षणी ते ईमेल बंद करून टाकायचो. शेवटी माझी बायको वैशाली वैतागली.

"दादांना विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. माझ्यासाठी म्हणून ते लगेच हो म्हणतील, हीच धास्ती होती.

फोन लावला. सगळं सांगितलं. दादांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्या म्हाताऱ्याला असंच सांगितलं होतं का रे त्यांनी? का तो आपणहून तसा बसला?"

मला हे सुचलंच नव्हतं. मी ईमेल करून मालकाला सरळ विचारलं. माणूस प्रामाणिक निघाला. म्हणाला, तो तर सूट घालून, हॅट लावून आला होता, आम्हीच कपडे बदलायला लावले. सोबत एक न छापलेला फोटो पाठवला. चकचकीत बूट, ताठ मान, गिटार मांडीवर... आणि काय हसत होता तो!

ऑफिसात बसून मी तो फोटो किती वेळ बघत होतो. तो कपडे बदलून परत आला असेल, तेव्हा कुणाशी काय बोलला असेल?

दादांना फोनवर सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मग माझा कोटातलाच पाठव. घेतला तर घेतील."

मी पाठवला. मालकाचं उत्तर सभ्य होतं. आवाज सुंदर आहे, पण या फोटोवर हे कसं विकायचं ते मला कळत नाही, सॉरी. खलास.

दादांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. खरं सांगू? अजून मन निवांत होत नाही. कधी वाटतं, भांडायला हवं होतं त्या माणसाशी, अजून चार कंपन्यांची दारं ठोठावायला हवी होती. दादांचा आवाज जालन्याबाहेर गेलाच नाही, ही रुखरुख आहेच...

पण त्या दिवशी न विचारता एखादा फोटो काढून पाठवला असता, तर ती कॅसेट पुन्हा लावायची हिंमत मला झाली नसती. आज सकाळीच लावली होती. वैशाली, थँक यू.