होडीबरोबर गेलेली पिशवी

परीक्षा संपली त्याच आठवड्यात आम्ही सहा जण पुण्याहून कोकणाकडे निघालो. आम्ही सारे मॉरिशसचे. मराठीच्या अभ्यासासाठी वर्षभर पुण्यात राहिलो होतो. ज्या किनाऱ्यावरून आमचे पूर्वज गेले, तो किनारा मात्र आमच्यापैकी एकानेही पाहिला नव्हता. मी आपल्याकडे, मॉरिशसला, शाळेत मराठी शिकवतो आणि वयानेही मोठा आहे, म्हणून मंडळी मला ‘गुरुजी’ म्हणतात.

आमच्यातली देविका सर्वांत आनंदात होती. सहलीनंतर लगेचच बहिणीच्या लग्नासाठी तिला घरी जायचे होते. मुक्कामाच्या ठिकाणी परदेशी पाहुण्यांना पासपोर्ट दाखवावा लागतो, म्हणून तो तिने बरोबर घेतला होता. खोलीत ठेवायला ती तयार नव्हती. तो कापडी पिशवीत घालून तिने खांद्याला अडकवला होता.

खोपोली आणि पेण ओलांडून आम्ही दुपारच्या आधी चौलला पोहोचलो. चौल हे एकेकाळचे मोठे बंदर. आज तेथे बंदराची गजबज नाही. नारळ-सुपारीच्या वाड्या (बागा) आहेत आणि त्यांच्या मधून जाणारे अरुंद, सावलीचे रस्ते आहेत. आमची सोय मालतीकाकूंच्या वाडीत झाली होती. त्या निवृत्त शिक्षिका. जेवायला तांदळाची भाकरी, सोलकढी आणि वालाचे बिरडे (मोड आणून सोललेल्या वालांची उसळ) होते.

“वाल सोलायला सकाळ गेली माझी,” काकू म्हणाल्या. “तेव्हा ‘पुरे’ हा शब्द मला ऐकू येणार नाही.”

“काकू, गुरुजींनी तो आम्हाला शिकवलेलाच नाही!” रोशनने ताट पुढे केले. रोशन हा आमच्यातला विनोदी गडी.

जेवणानंतर आम्ही रेवदंड्याला खाडीवर गेलो. पाणी दूर मध्यावर होते आणि काठाशी ओल्या चिखलात एक होडी कलती पडली होती. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या बेटाला प्रवाळाचे कुंपण आहे. आपल्याकडे ओहोटीला पाणी फार तर गुडघाभर उतरते, आणि नांगरलेली होडी सदैव तरंगत असते. कोरड्यात पडलेली होडी म्हणजे दुरुस्तीला काढलेली होडी, हे आपल्याकडचे शेंबडे पोरही सांगेल. आम्हीही तसेच समजलो. देविकाचा खांदा अवघडला होता आणि खाली सगळा चिखल होता. तिने पिशवी होडीत, मागच्या फळीखाली ठेवली. तेथून दिसणाऱ्या किल्ल्याच्या तटाकडे आम्ही “जरा पाहून येऊ” म्हणून गेलो.

तट लांबलचक आहे, आणि तटाच्या आत गाव वसले आहे. पाहता पाहता ऊन कलले. परत आलो तेव्हा जेथे आम्ही उभे होतो तेथे पाणी होते. होडी नव्हती.

काठावर एक कोळीण जाळे आवरत बसली होती. देविकाने धापा टाकत विचारले, “मावशी, इथे एक मोडकी होडी होती ना?”

“मोडकी? माझ्या नवऱ्याची होडी ती! भरती आली, निघून गेला मासे मारायला.”

“पण माझी पिशवी होती हो त्यात!”

“होडीत? होडी काय तुझं कपाट हाय गो?” तिने आम्हाला नीट न्याहाळले. “कुठली तुमी?”

“मॉरिशसची. बेटावरची,” मी म्हणालो.

“बेटावर ऱ्हाता, नि भरती-ओटी म्हाईत न्हाय?”

हिराबाई (तिचे नाव) हसली. पण पिशवीत पासपोर्ट आहे आणि लग्न तोंडावर आले आहे हे ऐकताच हसणे थांबले. तिने नवऱ्याला, काशीनाथला, फोन लावून पाहिला. लागला नाही.

“खाडीचं तोंड सोडलं का फोन लागत न्हाय. आता सकालच्या भरतीलाच येल.”

“तोवर जाळ्याबरोबर पिशवी पाण्यात गेली तर?” देविकाने विचारले.

“नको तो इचार कशाला करतेस?” हिराबाई म्हणाली; पण ‘जाणार नाही’ असे काही ती म्हणाली नाही.

परतीच्या वाटेवर रोशनने, माशांनाही परदेशी जाण्याची संधी मिळायला हवी, असा विनोद केला. कोणी हसले नाही. नवा पासपोर्ट लग्नाआधी मिळणे शक्य नव्हते. काकूंनी वाढलेल्या भाताला देविकाने हात लावला नाही. बहिणीचा फोन आला, तेव्हा “किनारा फार सुंदर आहे” एवढेच तिने सांगितले.

सकाळी आम्ही खाडीवर पोहोचलो तेव्हा पाणी भरत होते. हिराबाई आधीच येऊन उभी होती. एकेक होडी खाडीत शिरत होती, आणि प्रत्येक वेळी देविका हिराबाईकडे पाही. हिराबाई मान हलवून “ही न्हाय” म्हणे. अखेर एका होडीकडे बोट दाखवून ती ओरडली, “अवो, पिशवी हाय का?”

होडीवरच्या माणसाने एक पत्र्याचा डबा डोक्यावर उचलून धरला. डब्यात त्याची भाकरी असे. ती काढून त्याने पिशवी आत ठेवली होती.

“जालं वढताना पायाला लागली,” काशीनाथ काठावर उतरत म्हणाला. “म्हटलं, बायकोनं कायतरी पाठवलंय खायला. बगतो तर पासपोट! मागं फिरावं तर ओटी लागली, खाडीत पानी न्हाय. लगीन कवा हाय?”

“या रविवारी,” देविका म्हणाली, आणि काल आवरून धरलेले रडणे तिला आता आले. हिराबाईने तिला जवळ घेतले. “गप गो बाय, मिलाली ना? लग्नघरी रिकाम्या हातानं जाऊ नये,” म्हणत तिने सोड्यांची (वाळवलेल्या कोळंबीची) पुडी त्याच पिशवीत कोंबली.

त्या दुपारी काकूंच्या ओटीवर देविका तीनदा भात मागून जेवली आणि तेथेच झोपी गेली. तिला उठवायचे कोणाच्याही मनात आले नाही. ती जागी झाल्यावर आम्ही शेवटची गाडी धरून पुण्याला आलो.

लहानपणापासून समुद्र शेजारी असला, म्हणून तो आपल्याला समजला असे होत नाही. आपण ओळखतो तो आपल्या दारातला समुद्र. चौलचा समुद्र दिवसातून दोनदा उठून जातो आणि दोनदा घरी येतो. तेथील माणसे त्याच्या येण्या-जाण्याप्रमाणे निघतात आणि परततात. आम्ही सहा जण पूर्वजांचा किनारा पाहायला गेलो होतो. त्यांनी तो सोडताना भरतीची वाट पाहिली असेल, हे मला हिराबाईशेजारी उभे असताना प्रथमच सुचले.

सोडे विमानातून नेता येत नाहीत. ते आम्ही पुण्यातच भातावर खाल्ले. वास मात्र पासपोर्टबरोबर गेला. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने पाने उलटली, नाक किंचित आक्रसले, आणि देविकाकडे पाहून विचारले, “कोकणात गेला होतात वाटतं?”

“हो,” ती म्हणाली.

त्याने शिक्का मारला.