लुगड्यांचा आडोसा

डॉक्टर दवाखान्यात माझ्या पलंगाच्या पायाशी उभे होते आणि बोलत होते मालकांशी, म्हणजे माझ्या नवऱ्याशी. "आजींना आता औषधावरच ठेवू. या वयात कशाला सुया-नळ्या? घरी नेऊन आराम द्या."

मालकांनी मान डोलवली. मीपण डोलवली. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी. वरून हातही जोडले.

खरं सांगते, तेव्हा अपमान वाटलाच नाही. माझ्यापायी पोराचं काम बुडलं, मालकांना खानावळीचं खावं लागलं, हेच डोक्यात. जिवंत राहून कुणाचं तरी काही चोरल्यासारखं वाटत होतं.

झालं होतं असं. सोलापुरात आमच्यासारख्या कितीतरी बायका घरी विड्या वळतात आणि कारखान्यात नेऊन देतात. तिथं रांगेतच मी कोसळले. काळीज थांबलं, श्वास थांबला. हे नंतर शेजारच्या यल्लव्वानं सांगितलं. बायका धावल्या, आणि आमच्यात करतात तेच केलं. बाई पडली की चौघी पदर पसरून आडोसा धरतात, पुरुषाची नजर पडू नये म्हणून. मीही कितीदा धरलाय.

विड्या तपासणारा सिद्राम धावत आला. माझ्या विड्या खराब म्हणून सगळ्यात जास्त छाटणारा हाच. "सरका, छाती दाबायला लागती."

"बाईमाणसाला हात लावू नको," यल्लव्वा म्हणाली.

"मग तू दाब की."

तिला कुठलं येतंय? तो पदर बाजूला सारून आत घुसला आणि दाबत राहिला. बरगडी मोडली. जीव परत आला.

शुद्धीवर आले तेव्हा मालकांचा पहिला सवाल, "तुला हात कुणी लावला?" बरं वाटतंय का, ते मागाहून. मी मान खाली घातली. जणू मीच बोलावलं होतं. सिद्राम बघायला आला, दाराशी उभा राहिला, तर मी भिंतीकडं तोंड केलं. बस म्हणाले नाही. बरगडीपेक्षा ते जास्त टोचतं.

निघायची वेळ झाली. यल्लव्वा पिशवी भरता भरता म्हणाली, "तुझ्या मालकाला काळजाचं झालं तवा मनगटातनं तार घालून बघितलं होतं की गं. तुझं बघितलं का?"

नाही बघितलं. हाच दवाखाना, हेच डॉक्टर. मालकांची तपासणी झाली, नसेत जाळी बसली, हळूहळू चालवायला माणूस यायचा. तेव्हा त्यांचं वय माझ्या आजच्या वयापेक्षा जास्त होतं. 'या वयात कशाला' असं त्यांना कुणी म्हणालं नाही.

मी पलंगावर परत बसले. डॉक्टर मालकांना गोळ्या समजावत होते.

"डॉक्टर, मी हितं हाय. माझ्याशी बोला."

"आजी, तुम्हाला त्यातलं काय कळणार?"

"न्हाई कळत, म्हणून तर विचारते. ह्यांना जे केलं ते मला का न्हाई? सांगा, मग उठते."

"चल की आता," मालक म्हणाले, "शोभा करू नको."

"तुमी जावा."

उभ्या जन्मात त्यांना असं कधी म्हणाले नव्हते. काहीतरी गुन्हा केल्यासारखं वाटत होतं. पण उठले नाही.

तपासणी झाली. नस तुंबलेली निघाली, मलाही जाळी बसली. काही निघालं नसतं, तरी तपासणी मागितली हे बरोबरच होतं.

मालक अजून धड बोलत नाहीत. मी परत विड्या द्यायला जाते, तर रांगेत कुजबुज चालते. परवा विड्या सिद्रामपुढं ठेवल्या, त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि बायकांकडं वळले. "मी परत पडले तर पदर धरू नका. पोलकं फाडा. जो पुरुष असंल त्याला बोलवा. आणि तुमच्यातली कोण पडली, तर आडोसा धरणारीला मी ढकलून देईन. तिची सासू असली तरी."

सिद्राम मान खाली घालून म्हणाला, "मावशी, ह्यातल्या लई छाट हाईत."

"छाट. पण आधी हिकडं ये."

यल्लव्वाचा हात धरून मी तिला पुढं ओढलं. "हिला शिकव. कुटं दाबायचं, किती जोरात. आत्ता, सगळ्यांच्या म्होरं."