सात वर्षांत एक कमी

शैले, तू घर सोडून गेलीस तो दिवस तुझ्यापेक्षा मलाच जास्त आठवतो. कागलच्या स्टँडवर निपाणीची एसटी लागली होती. तू सहा वर्षांची, मी आठ. मावशीला मूलबाळ नव्हतं, म्हणून आपल्यातली एक न्यायला ती आली होती. खरं तर मलाच न्यायचं ठरलं होतं. पण मी आईचा पदर सोडेना, मग तुला उचललं. तुझ्या अंगात झालरीचा पिवळा फ्रॉक, हातात पत्र्याची नवी कोरी ट्रंक. आई मावशीला म्हणाली, "लेकरू कुठंही वाढलं तरी आपलंच असतंय." तू खिडकीत हमसून हमसून रडत होतीस आणि मी, तुझी सख्खी बहीण, त्या फ्रॉकाकडं बघून जळत होते.

दहा वर्षं तू निपाणीत शिकलीस. शाळा मराठीच, पण हद्दीच्या पलीकडची, कर्नाटकातली. सुट्टीला यायचीस ती नव्या रिबिनी लावून. आई तव्यावरची पहिली भाकरी तुझ्या ताटात टाकायची, का तर "पाहुणी आहे ती." मी मेली रोजचीच! मला दुसरी.

माझी घर सोडायची पाळी फार उशिरा आली. ह्यांना बेंगळुरात, पीण्या नावाच्या भागातल्या एका कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा माझी अनुजा पाचवीत जाणार होती. वरच्या मजल्यावर आम्ही, खाली घरमालकीण सरोजम्मा. मला कानडीचा गंध नाही. दुकानात जाऊन डाळीकडं बोट दाखवायची मी. आणि आमची कार्टी दिवाळीपर्यंत पोपटासारखी बोलायला लागली. शाळेतून आली की चपला सरोजम्माच्या दारात. तिथंच सारु-भात खायचा, वेणी घालून घ्यायची, मोगरा माळायचा. एकदा तशीच फुलं माळून वर आली आणि मलाच म्हणाली, "अम्मा, नीर कोडी." मी तिला पाणी दिलं, पण तळपायाची आग मस्तकात गेली.

सगळ्यांना मी सांगितलं, पोरीची मराठी बिघडायला लागलीय. सहावी आणि सातवी, दोन वर्षं तिला कागलला आईकडं ठेवली. हे म्हणाले, "कशाला? चांगली रमलीय की." म्हटलं, एका रात्रीचा तर प्रवास. आज तुला म्हणून सांगते शैले, मराठीचं नुसतं निमित्त होतं. माझी पोर दुसरीच्या हातचं जेवून तृप्त होते, हे मला बघवत नव्हतं.

आठवीला आणली तिला परत. पुढं दहावी झाली, पीयूची, म्हणजे अकरावी-बारावीची, दोन वर्षं झाली, इंजिनिअरिंगच्या परीक्षेत मार्कही चांगले पडले. पण इथल्या मुलांसाठीच्या जागांतून प्रवेश हवा, तर या राज्यात सात वर्षं शिकल्याचे दाखले लागतात. मी मोठ्या तोऱ्यात फाइल घेऊन प्रवेशाच्या कचेरीत गेले. टेबलामागच्या साहेबांशी अनुजा असं काही कानडी बोलली की ते हसून म्हणाले, इथलीच दिसतेस, कुठल्या एरियातली? मग त्यांनी दाखले मोजले. पाचवी, आठवी, नववी, दहावी, पीयूची दोन. पुन्हा मोजले. "ओंदु वर्ष कम्मी, अम्मा." एक वर्ष कमी. आई किंवा वडील तरी कर्नाटकात सात वर्षं शिकलेत का, असं त्यांनी विचारलं. मला तुझी ट्रंक आठवली. मी नाही म्हटलं. महाराष्ट्रात बघावं, तर तिची दहावी-बारावी इकडची. दोन्हीकडून गेली पोर, आणि घालवली कुणी, तर मी.

त्याच आठवड्यात इथल्याच बसवनगुडीतून तू पाठवलेला फोटो आला. तुझ्या ओंकारला सीट लागली होती. अगं, दहावीपर्यंत तो पुण्यात शिकलेला! तुम्ही पुण्याहून इथं आलात, तेव्हा दोन वर्षं पीयू काय ते केलं. कानडी म्हणशील तर 'स्वल्प' आणि 'सरी', थोडं आणि बरं, एवढ्यावर गाडा. पण त्याच्या आईची निपाणीतली दहा वर्षं कामाला आली. माझा नुसता जळफळाट झाला. अभिनंदन राहिलं बाजूला, मी फोनवर म्हटलं, "तुझं बरं आहे बाई. लहानपणी फ्रॉक तुला, आता सीटही तुलाच."

तू म्हणालीस, "ताई, ती दहा वर्षं तू घे. मला आईजवळची तेवढी दे." आणि फोन ठेवलास.

शैले, चाळीस वर्षांत हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, कळलं नाही. अनुजा गॅस बंद करायला आली, तेव्हा तिला विचारलं, "कागलला असताना रडायचीस का गं?"

"पहिले दोन महिने. आजी म्हणायची, आईला सांगू नको, तिला वाईट वाटेल."

"सरोजम्माची आठवण यायची?"

मी वेडीच असल्यासारखं तिनं माझ्याकडं बघितलं. "तुझी गं आई. दुसऱ्या कुणाची येणार?"

मी पदर तोंडात कोंबून रडले.

अनुजानं आता घराजवळच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलंय. मला काही बोलली नाही ती. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. संध्याकाळी आली की अजून चपला आधी खालच्याच दारात निघतात. वरून मला दिसतात. अजून जळते मी, खोटं कशाला बोलू! पण पूर्वीसारखी हाक मारत नाही. चहाचं आधण ठेवते. थोड्या वेळानं जिन्यात तिचे पाय वाजतात. घर कुठलं असं कुणी विचारलं तर तोंडातून कागलच निघतं, पण कान या जिन्याकडं लागलेले असतात.

तू येत्या रविवारी ये. इथल्या गॅसवर भाकरी आता चांगली फुगते. पहिली तुलाच वाढीन, आणि पाहुणी म्हणून नाही.